भाटी, किल्ला आणि कुळागर दाखवा, पण गाडी दुसऱ्याने चालवू दे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

तुमच्या पेपरात हल्ली 'किनाऱ्यापलीकडचा गोवा' या विषयावर दर काही दिवसांनी काहीतरी येतंच. किनारे भरले, आता पर्यटकांना आत गावांत न्यायचं, होमस्टे काढायचे, फेणी दाखवायची, असं सगळं. मी साखळीची, म्हणजे त्या 'आत'मधलीच, आणि माझा याला अजिबात विरोध नाही, चार पैसे आमच्या बाजूलाही आले तर कोणाला नको आहेत. पण न्यायचं म्हणजे नेमकं कसं, कोणाच्या गाडीतून, आणि तोंडाला ग्लास लावल्यावर तो माणूस परत कसा जाणार, यावर कोणी अवाक्षर काढत नाही म्हणून हे पत्र लिहितेय. थोडं लांबलंय, कापायचं झालं तर मधून कापा, शेवट ठेवा.

माझा भाचा प्रागला नोकरीला आहे. आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा त्याने एक दिवसाची ट्रिप घेतली, फक्त आमची आमची, बसमधली चाळीस माणसं नाहीत. एक गाडी, एक ड्रायव्हर, तोच माहिती सांगणारा. सकाळी बियरची फॅक्टरी, मग एक राजवाडा म्हणजे त्यांचा कॅसल, आणि दुपार उलटल्यावर एका शेतावर चीज चाखायचं. मी ऐकून म्हटलं हे काय कॉम्बिनेशन, मी तर दारू पीत नाही, आमचे हे घेतात कधीमधी. पण दिवस असा छान गेला की अजून आम्ही त्यावर बोलतो, आणि माझ्या डोक्यात तेव्हापासून आपला सत्तरी तालुका घोळतोय.

फॅक्टरी होती वेल्के पोपोवित्से गावातली, कोझेल बियर बनते तिथे, १८७४ पासून. बाटलीवर बोकडाचं चित्र असतं आणि तिथे खरोखरचा बोकड पाळलाय, त्याचं नाव ओल्डा, लोक त्याच्याबरोबर फोटो काढतात. तांब्याची मोठमोठी भांडी, माल्टचा तो भाजल्यासारखा वास, सगळं आत फिरून दाखवतात. एक गोष्ट मला आवडली, बियरवर १० किंवा १२ डिग्री लिहिलेली असते ती दारूचं प्रमाण नाहीच, आंबवायच्या आधी त्या रसात किती साखर-सत्त्व होतं त्याचा तो आकडा. प्रागच्याच बालिंग नावाच्या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात ते माप बसवलं. ऐकल्याबरोबर आमचे हे म्हणाले, अगो हे आपल्या ग्रावासारखंच. आपल्याकडे भाटीवर, म्हणजे काजूची दारू गाळायच्या भट्टीवर, फेणी १९-२० ग्राव म्हणतात ना, तेही टक्के नव्हेत, दारूच्या जोराचं जुनं युरोपियन माप आहे, पोर्तुगीज गेले आणि ग्राव राहिलं.

तर मुद्दा असा की तिथे चाखायला मिळालं ते अगदी बेताचं, आणि आमचा ड्रायव्हर बाहेर पाणी पीत बसला होता. त्या देशात गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात दारूचा अंशही चालत नाही, शून्य म्हणजे शून्य. आणि जगात माणशी सगळ्यात जास्त बियर पिणारे लोक तेच बरं का. म्हणूनच अशा खाजगी ट्रिपांचा धंदा तिथे चालतो, तुम्हाला प्यायचंय तर चालवणारा दुसरा हवाच, आणि तो दुसरा माणूस त्याच भागातला असेल तर त्याला चीजवाली बाईही माहीत असते नि जेवायची जागाही. त्याने आदल्या दिवशीच फोन करून विचारलं होतं कोण काय खात नाही. मी सांगितलं उद्या गुरुवार, माझा शिवराक, म्हणजे मांस-मासे नाहीत. भाच्याने त्याला ते कसं समजावलं देव जाणे, पण माझ्यासाठी वेगळं जेवण हजर होतं.

कॅसल म्हणजे कोनोपिश्टे. ज्याच्या खुनावरून पहिलं महायुद्ध पेटलं तो आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड तिथे राहायचा, त्याने तो १८८७ साली विकत घेतला. १९१४ च्या २८ जूनला सारायेव्होत त्याला मारलं, ती गोळी तिथे काचेत ठेवलीय. बाकी मात्र भिंतीच्या भिंती शिंगांनी भरलेल्या, इतकी जनावरं एका माणसाने मारली हे बघून मला कसंतरीच झालं, मी मधल्या दोन खोल्या खाली मान घालून चालले. पण व्यवस्था बघा, तुम्ही मनाला येईल तसं आत भटकू शकत नाही, ठराविक वेळेला ठराविक माणसं घेऊन गाईड आत जातो आणि दार मागून बंद. सोमवारी बंद. त्या तासाभरात पोटातली बियर उतरते, पाय मोकळे होतात, भूक लागते. कॅसल मधेच का ठेवलाय ते मला तेव्हा कळलं.

शेवटी शेतावर. एक बाई, तिचा नवरा आणि शेळ्या, एवढंच. एक दिवसाचं ताजं चीज म्हणजे आपल्या चक्क्यासारखं, मग थोडं मुरलेलं, मग राखेत लोळवलेलं, मग कडक सालीचं जुनं, अशा क्रमाने लाकडी फळीवर मांडून दिलं आणि बरोबर त्यांचाच पाव नि मध. मी विचारलं दूध फाडायला काय घालता, कारण जुन्या पद्धतीत वासराच्या पोटातलं रेनेट घालतात हे मला माहीत होतं आणि दिवस गुरुवारचा. तिने न कंटाळता दोन चीज बाजूला काढली, ही बुरशीपासूनच्या रेनेटची आहेत ती खा म्हणाली. खाली भांड्यात निवळी गळत होती, ती डुकरांना घालतात. आम्ही निघताना भाच्याने चीज विकत घेतलं, गाईडने घेतलं, आमच्या ह्यांनीसुद्धा घेतलं. ते पैसे थेट त्या बाईच्या हातात गेले, मधे कोणी नाही.

आता सत्तरीकडे या. पणजीहून वाळपई पंचेचाळीसेक किलोमीटर, प्रागहून कोनोपिश्टेही साधारण तेवढंच. वाळपईजवळ नाणूसचा किल्ला आहे. दीपाजी राण्यांनी २६ जानेवारी १८५२ ला तोच ताब्यात घेऊन पोर्तुगीजांविरुद्ध बंड उभारलं आणि ते १८५५ पर्यंत चाललं, फिरंग्यांना शेवटी तडजोड करावी लागली. युरोपातल्या एका शिकारी राजपुत्राचा वाडा लोक पैसे भरून बघतात आणि नाणूसला काय आहे तर पडक्या भिंती, रान आणि २६ जानेवारीची भाषणं. ब्रह्मा करमळीचं ब्रह्मदेवाचं देऊळ तिथून जवळच. काजूच्या बागा तर विचारूच नका, मार्च ते मे तुम्ही त्या भागातून खिडकी उघडी ठेवून गेलात तर वास गाडीत शिरतो. कुळागरं म्हणजे आमच्या मिश्र बागा आहेत, पोफळी, मिरवेल, केळी, भिरंडं म्हणजे कोकम. चीज आपल्याकडे नाही, आणि ओढूनताणून आणूही नये असं माझं मत. गवळी-धनगरांच्या म्हशींचं दही आहे, खरवस आहे, फणसाची साटं आहेत, माडाचा गूळ आहे, भाजलेल्या काजूबिया आहेत, भिरंडाची सोलकढी आहे. हेच चाखायला मांडलं की झालं.

आणि भाटी. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगते. बोंडू, म्हणजे काजूची फळं, झाडावरून तोडायचे नसतात, गळून पडलेलेच गोळा करतात. बिया पिळून काढून बोंडू दगडाच्या कुंडात पायांनी तुडवतात, मग चोथ्याचा ढीग करून वर वजन ठेवलं की जो स्वच्छ रस थेंब थेंब गळतो तो निरो. निरोत दारू नसते, लहान मुलं पितात, पण तो दुपारपर्यंतच. आमच्याकडची म्हातारी माणसं सांगतात, दनपार जाली की हो आंबट जाता. तुडवलेला रस दोन-तीन दिवस आंबवून भाटीवर चढवला की पहिल्या धारेचा हुर्राक, आणि तो पुन्हा चढवला की फेणी. भाटीवाला बाटली हलवून वर येणारे मणी बघतो, कसे फुटतात किती वेळ टिकतात, आणि त्यावरून ग्राव सांगतो, यंत्राच्या आधी. हे बघायला माणसं पैसे देतील, खात्रीने देतील. काजू फेणीला २००९ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, गोव्यातली ती पहिली वस्तू. २०१६ मध्ये सरकारने तिला गावठी दारूच्या रांगेतून काढून वारशाचा दर्जा दिला, २०२१ मध्ये फेणी धोरणही आलं. कागद सगळे तयार आहेत.

पण आज होतंय काय? काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची स्कूटर भाड्याने घेतलेली पोरं गुगल मॅप लावून येतात, रस्त्याकडेच्या कुठल्याशा टपरीवर उन्हाच्या भर वेळेला हुर्राक, त्यात लिम्का, मीठ, चिरलेली मिरची, गोड लागतं म्हणून एकावर एक ग्लास, आणि मग तीच स्कूटर त्याच वळणांवरून. भाटी बघितली नाही, किल्ला कुठाय माहीत नाही, जेवण नाही. आमच्या रस्त्यांना वळणं किती आणि खाणीच्या ट्रकांची सवय कशी लागलेली, ते इथे राहणाऱ्यांना विचारा. कायदा आहे, रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की गुन्हा, पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर दोन्ही. पण आमच्या आतल्या रस्त्यावर श्वास तपासायचं मशीन घेऊन उभा राहिलेला पोलीस मी तरी बघितलेला नाही. आणि उद्या जर आपण 'फेणी टुरिझम' म्हणून पाट्या लावून यांनाच आणखी आत बोलावलं तर काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की भाटी दाखवायची असेल तर गाडीपासून सुरुवात करा. सत्तरी-डिचोलीतल्याच ट्याक्सीवाल्या पोरांना तयार करा, त्यांना चार दिवसांचं ट्रेनिंग द्या, दीपाजी कोण, ग्राव म्हणजे काय, हुर्राक नि फेणीत फरक काय. चार माणसांची एक गाडी, पूर्ण दिवस, ठरलेलं भाडं. किनाऱ्यावरच्या ट्याक्सीची भांडणं आपण रोज वाचतो, इथे निदान सुरुवातीपासून दर पाटीवर लिहिलेले असू देत. आणि क्रम उलटा ठेवा. तिकडे थंडी, त्यांना सकाळी बियर परवडते. इकडे एप्रिलात सकाळी सात-साडेसातला भाटीवर जा, तुडवणं बघा आणि ताजा निरो प्या, उन्हं चढायच्या आत नाणूस बघून घ्या, मग कुळागरात सावलीला जेवण. जेवल्यावर चाखणं, तेही घोट घोट, आधी हुर्राक मग फेणी, आणि वाटल्यास तिथेच सुपारीच्या झाडांखाली तासभर आडवं व्हा. माझ्यासारखी न पिणारी बाई किंवा बरोबरची पोरंटोरं यांनाही दिवसभर काहीतरी मिळतं, हे दारूच्या दुकानात होणार नाही.

एक शंका लोक काढतील, की भाटी तीनच महिने चालते, बाकी वर्षभर काय. अहो चांगलंच आहे की. एप्रिल-मे मध्ये आमच्याकडे नाहीतरी घाम पुसण्यापलीकडे धंदा नसतो. पावसाळ्यात पाहिजे तर कुळागर आणि पातोळ्या ठेवा, भाटीचं नाटक करून दाखवू नका.

दुसरी शंका माझीच आहे. भाटीवाला काही हॉटेलवाला नव्हे. मेमध्ये तो पहाटेपासून जाळासमोर असतो, त्याने तुमच्या पाहुण्यांना हसून माहिती का द्यावी? तर त्याचे पैसे वेगळे पाहिजेत, येणाऱ्या माणशी ठरलेले, बाटली विकत घेवो न घेवो. त्या चेक गाईडने शेतावरच्या बाईला चाखण्याचे पैसे आमच्यादेखत वेगळे मोजून दिले होते. आपल्याकडे मात्र पर्यटक आणणारा एजंट भाटीवाल्याला म्हणेल, बघ तुझी जाहिरात झाली, आणि कमिशनही त्याच्याकडूनच मागेल.

आता सरकारकडे ज्या गोष्टी आहेत त्या. अबकारी खात्याने साध्या भाषेत एक पान काढावं, भाटीवर आलेल्या पाहुण्याला घोटभर चाखायला देऊन त्याचे पैसे घ्यायचे असतील तर कुठला परवाना, किती फी, आणि माणशी किती मिलीच्या वर द्यायचं नाही. पुराभिलेख-पुरातत्त्ववाल्यांनी नाणूसला एक पायवाट साफ करावी, तीन भाषांत एक फलक लावावा, एक राखणदार ठेवावा, सिमेंट ओतून सुशोभीकरण मात्र करू नये, हात जोडून सांगते. पर्यटन खात्याने अशा ट्रिपसाठी गाडी आणि ड्रायव्हरची नोंदणी सक्तीची करावी, भाड्याच्या स्कूटरवर आलेल्याला भाटीवर निरो मिळेल, हुर्राक मिळणार नाही, असा नियम करावा. आणि हे सगळं काजूच्या झोनांची पावणी, म्हणजे लिलाव, व्हायच्या आधी जाहीर करावं, कारण पावणीत बोली लावतानाच भाटीवाल्याला कळलं पाहिजे की यंदा पाहुण्यांचेही पैसे येणार आहेत की नाहीत, नंतर मार्चमध्ये बोंडू गळायला लागल्यावर परिपत्रक काढलंत तर ते वाचायला तिथे कोणालाही फुरसत नसेल.

आपली,
एक वाचक, साखळी