गडग्याबद्दल, सविस्तर

आंजर्ले, ता. दापोली

प्रिय मित्रा,

गणपतीत गडग्याच्या, म्हणजे हद्दीवरच्या चिऱ्यांच्या भिंतीच्या, दोन बाजूंना उभं राहून तू आणि तुझे शेजारी अण्णा, तो तुझ्या बाजूला सरकल्यावरून जे बोललात, ते मी ऐकलं. तेवढ्यावर थांबलं असतं तर मी मध्ये पडलो नसतो. पण परवा फोनवर तू म्हणालास, "बारा वर्षं झाली म्हणतात ना, मग गेली जमीन, सोड." ते काही मला सोडवत नाही. जमीन गेलेली नाही. अशीच सोडलीस तर मात्र खरोखर जाईल.

आधी जागा किती, ते बघ. आपली आगरं, म्हणजे नारळ-पोफळीच्या बागा, हे रस्त्यापासून समुद्राकडे जाणारे लांबच लांब पट्टे. तुमचा गडगा तीनशे फूट तरी असेल. तो साडेतीन फूट सरकला की १०५० चौरस फूट जागा गेली, आणि गुंठा असतो १०८९ चौरस फुटांचा. म्हणजे "चार फुटांसाठी कशाला भांडायचं" असं वहिनी म्हणाल्या, तो जवळजवळ गुंठा आहे, आणि त्यात तुझ्या आजोबांनी, आबांनी, लावलेले माड आहेत.

आता बारा वर्षांचं. १९६३ च्या मुदत कायद्यात बारा वर्षं आहेत, हे खरं. त्या मुदतीत मालकाने दावा केला नाही तर त्याचा हक्कच संपतो. पण ही बारा वर्षं नुसत्या वहिवाटीने मोजायची नसतात. कब्जा मालकाच्या हक्काविरुद्ध, उघड आणि अखंड झाला (यालाच विरुद्ध कब्जा म्हणतात), त्या दिवसापासून ती मोजायची. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये कर्नाटक वक्फ बोर्डाच्या प्रकरणात सांगून ठेवलंय की असा दावा करणाऱ्याने कब्जा कोणत्या तारखेला घेतला, कोणत्या स्वरूपाचा घेतला, मालकाला तो माहीत होता का, किती काळ चालला, आणि उघडपणे, विनाअडथळा चालला का, हे सगळं सिद्ध करायला हवं. अण्णा यातलं काय सिद्ध करणार? ते म्हणतात, "त्या माडांचे नारळ आम्हीच पाडतो." पाडतात, पण आबा मुंबईला जाताना "आगरावर लक्ष ठेवा, नारळ उतरवा" असं त्यांनाच सांगून गेले होते. परवानगीने चाललेली वहिवाट कितीही वर्षं चालली तरी ती विरुद्ध कब्जा होत नाही. हा मुद्दा मनात पक्का धर, कारण तुझं सगळं प्रकरण यावर उभं आहे.

आणि म्हणूनच आबांची ट्रंक उघड. अण्णा त्यांना पत्रं लिहीत, नारळाचा हिशोब कळवत, हे मला आठवतं. "तुमच्या आगरातले नारळ उतरवले, पैसे मनीऑर्डरने पाठवतो" अशी एक ओळ जरी सापडली, तरी मालक कोण हे अण्णांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं असं होईल. मनीऑर्डरच्या पावत्याही जपून ठेव, एकही कागद टाकू नकोस.

गडग्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि मला खरी काळजी त्याची वाटते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात माड कोसळून तो ढासळला. नंतर अण्णांनी जांभ्याचे चिरे पुन्हा रचले ते जुन्या पायावर नाही, तुझ्या बाजूला. जुना पाया पोफळींच्या मुळाशी अजून दिसतो. ही परवानगी तुमच्यापैकी कुणी दिलेली नाही. म्हणजे या पट्ट्यापुरतं घड्याळ तेव्हापासून चालू आहे असं धर, आणि २०३२ लांब आहे असं समजू नकोस. नुसती वकिलाची नोटीस पाठवून मुदत थांबत नाही. दावा तरी दाखल व्हावा लागतो, नाहीतर जागा प्रत्यक्ष ताब्यात परत यावी लागते. आणखी एक, २०१९ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे विरुद्ध कब्जावाला स्वतःही मालकीसाठी दावा लावू शकतो. पूर्वी तो फक्त बचावात हे सांगू शकतो, असं मानलं जायचं.

मला हा कायदा चाकरमान्यांवर कठोर वाटतो. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच त्याला अतार्किक म्हणून सरकारला फेरविचार करायला सांगितलं होतं. पण २०२३ मध्ये विधी आयोगाने बदलाची गरज नाही असं कळवलं. आपल्या वाडीत निम्म्या घरांना कुलपं आहेत, मित्रा. ज्यांचं येणं गणपती आणि शिमग्यापुरतं आहे, त्यांनी हद्द कुणाच्या भरवशावर ठेवायची?

तेव्हा पहिलं काम मोजणीचं. सातबाऱ्यावर अजून आबांचंच नाव असेल तर आधी वारस नोंद करून घे, आत्यांची नावंही लागतील, त्यांना वगळू नकोस. मग दापोलीला भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज. लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटिसा जातात, त्यामुळे अण्णांना अंधारात ठेवून काही होत नाही, आणि तसं व्हायलाही नको. भूकरमापक जुन्या टिपणावरून, म्हणजे मूळ मोजणीच्या कच्च्या नकाशावरून, हद्द दाखवतो, आणि मोजणीच्या नकाशाची अधिकृत प्रत मिळते, तिला क प्रत म्हणतात. कुणाला पटलं नाही तर निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी, मागता येते. नुसता सातबारा हातात धरून भांडू नकोस, त्यातली नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी धरतात एवढंच, पण तिच्याने मालकी ठरत नाही आणि गडगा कुठे असावा हेही त्यातून कळत नाही.

मोजणीत अतिक्रमण निघालं म्हणून जागा आपोआप परत मिळत नाही. अण्णा ऐकतील तर पंचांसमोर लिहून घेऊन गडगा जुन्या पायावर आणायचा. नाही ऐकलं तर दिवाणी न्यायालय. पण रात्री चार माणसं नेऊन चिरे उलथायचे, असं तुझा मेव्हणा म्हणत होता, ते अजिबात करायचं नाही. त्या एका रात्रीत तुझी बाजू खराब होईल आणि फौजदारी मागे लागेल ती वेगळीच.

अण्णांबद्दलही बोलतो. वादळानंतर तुमच्या घरावर ताडपत्री कुणी टाकली? वीज नव्हती, रस्ते बंद होते, तू तिकडे अडकलेला, तेव्हा त्यांनीच. तरीही गडगा सरकवणं चूकच. माझा अंदाज असा की त्यांची मुलं जागा विकायच्या विचारात आहेत, आणि विकत घेणारा बाहेरचा असेल तर त्याला ना आबा माहीत ना तुम्ही. म्हणून हे अण्णांच्या हयातीत मिटायला हवं. नारळाचा शब्द दिला-घेतला तेव्हा हजर असलेला आता तो एकच माणूस उरलाय. त्यांच्याशी मी एकदा बोललोय. मोजणीला ते नाही म्हणाले नाहीत.

भात कापून झालं की मोजणीला जमीन मोकळी मिळते, तेव्हा अर्ज आत्ताच कर. आधार, चालू सातबारा आणि आठ अ (खात्याचा उतारा) घेऊन दोन दिवसांची रजा काढून ये. जुन्या पायाचे फोटो मी उद्या काढून पाठवतो, शेजारी वर्तमानपत्र ठेवून, म्हणजे तारीख दिसेल. जेवायला आमच्याकडेच, आई आतापासून विचारतेय.

तुझा,
आगराशेजारचा मित्र