जळालेला ट्रोल पुन्हा उठतो : सशर्त इफेक्टच्या ऑटोमेशनबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : वार्षिक योजनेतील ‘सशर्त इफेक्ट’ ही सुविधा लढाईत चुकीची चालत असल्याबद्दल, आणि दुरुस्ती किंवा उरलेल्या वर्गणीचा परतावा मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

मी तीन वर्षांपासून तुमची ग्राहक आहे. दर शनिवारी रात्री नऊला आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा (फासे टाकून, एकेक पात्र रंगवत खेळायच्या कल्पनारम्य खेळाचा) डाव तुमच्या सॉफ्टवेअरवर रंगतो. आवृत्ती पाचवी, नियम २०१४ चे, डीएम (डाव चालवणारी आणि राक्षस खेळवणारी) मी. खेळणारे चौघे: नाशिकचा मित्र, बंगळूरची मैत्रीण, टोरंटोतला चुलतभाऊ (त्याच्याकडे तेव्हा ऋतूनुसार सकाळचे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात) आणि कोल्हापूरची माझी चौदा वर्षांची भाची. आम्हाला एका टेबलाभोवती बसता येत नाही, म्हणून तुमचे टेबल घेतले. या वर्षी महागडी योजना घेण्याचे कारण मात्र एकच होते. लढाईतले सशर्त इफेक्ट, म्हणजे ठरावीक अट पूर्ण झाली तरच लागू होणारे परिणाम, आता आपोआप लागतील, डीएमला काही लक्षात ठेवावे लागणार नाही, असे तुमच्या जाहिरातीत लिहिले होते. त्या शब्दावर मी वर्षाचे पैसे एकरकमी भरले.

हे पत्र वाचणारी व्यक्ती हा खेळ खेळत असेलच असे नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगते. या खेळात बिनशर्त असे फार थोडे असते. भाचीचे पात्र ‘रोग’ (Rogue, लपूनछपून वार करणाऱ्या) क्लासचे, पाचव्या लेव्हलचे. तिचा स्नीक अटॅक (बेसावध शत्रूवरचा खास वार) लागला की नेहमीच्या घावावर सहा बाजूंचे आणखी तीन फासे पडतात. पण त्यासाठी शस्त्र फिनेस (चपळाईने चालवायचे) किंवा लांब पल्ल्याचे हवे. हल्ल्याला ॲडव्हान्टेज हवा, म्हणजे दोन फासे टाकून मोठा आकडा धरायची मुभा. तो नसेल, तर लक्ष्याचा दुसरा एखादा शत्रू त्याच्यापासून पाच फुटांच्या आत हवा, तो शत्रू काही करण्याच्या अवस्थेत हवा आणि हल्ल्यावर डिसॲडव्हान्टेज (दोन फाशांतला लहान आकडा धरायची सक्ती) नको. आणि एका टर्नमध्ये, म्हणजे कुणाही एकाच्या पाळीत, हे एकदाच. सगळे तपासायचे ते फासा पडतो त्या क्षणी. मघाचे उत्तर आता चालत नाही, कारण मधल्या वेळात कुणीतरी एक चौकोन सरकलेले असते, कुणीतरी कोसळलेले असते.

गेल्या शनिवारी आमची ट्रोलशी लढाई होती. ट्रोल हा एक राक्षस. त्याचे हिट पॉइंट, म्हणजे जीव मोजणारे गुण, ८४. त्याच्या प्रत्येक टर्नच्या सुरुवातीला त्याला १० परत मिळतात. मात्र त्याला आग किंवा ॲसिड लागले असेल, तर पुढच्या टर्नच्या सुरुवातीला ते मिळत नाहीत. शून्यावर असताना त्याचा टर्न सुरू झाला आणि हे १० मिळाले नाहीत, तरच तो मरतो. या राक्षसाचा सगळा जीव या एका अटीत आहे. नुसते मारत राहून तो मरत नाही, खेळाडूंना आग सुचावी लागते.

भाचीला ती सुचली. त्याआधी तिचे चार घाव लागले होते आणि चारही वेळा तुमच्या सॉफ्टवेअरने स्नीक अटॅक धरला नाही. नाशिकच्या मित्राचा बार्बेरियन (योद्धा पात्र) ट्रोलला खेटून उभा होता, तरीही नाही. मला वाटले, कुठला तरी नियम आड येत असेल, आणि मी पुढे गेले. तीन फाशांची सरासरी साडेदहा. चार घावांचे बेचाळीस. ट्रोलच्या एकूण हिट पॉइंटच्या बरोबर निम्मे नुकसान त्या मुलीच्या हिशेबातून गेले, आणि पडद्यावर एक अक्षरही उमटले नाही.

मग तिने कट्यार बाजूला ठेवून ट्रोलवर तेलाची बाटली फेकली आणि चुलतभावाला म्हणाली, “दादा, आता तू आग टाक.” त्याच्या फायर बोल्ट या आगीच्या मंत्राने ट्रोल शून्यावर आला. पाच जण पाच ठिकाणी एकदम ओरडलो. ट्रोलचा टर्न आला, सॉफ्टवेअरने त्याला १० हिट पॉइंट दिले आणि नकाशावरचे त्याचे टोकन (सोंगटी) पुन्हा उभे राहिले. मी तेव्हा क्लेरिकच्या (मंत्रांनी मदत करणाऱ्या पुजारी पात्राच्या) नोंदी बघत होते. आकडा पाहून ट्रोल जिवंत आहे असेच धरून मी त्याचे तिन्ही हल्ले केले. बार्बेरियन पडला.

“मावशी, आपण जाळलं ना त्याला?” भाचीने विचारले, तेव्हा माझ्या लक्षात आले.

मी हाताने हिट पॉइंट शून्य केले. पुढच्या टर्नला सॉफ्टवेअरने पुन्हा १० भरले. एक राउंड (सगळ्यांच्या पाळ्यांची एक फेरी) मागे जायला तुमच्याकडे सोय नाही, म्हणून प्रत्येकाचे आकडे चॅटमधून वाचून एकेक करून बसवले. त्यात पाऊण तास गेला. टोरंटोच्या भावाला कामाला निघायचे होते, तो गेला. ज्या मुलीने ती युक्ती काढली, तिला तिचा क्षण मिळाला नाही. पैशांपेक्षा मला हेच जास्त लागले आहे.

दुसऱ्या दिवशी मी रिकाम्या नकाशावर एक ट्रोल, एक लांडगा आणि तीन पात्रे ठेवून दोन तास तपासणी केली. दोन चुका नक्की सापडल्या.

पहिली अंतराची. सॉफ्टवेअर एका टोकनच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजते. नकाशावरचा एक चौकोन पाच फुटांचा. लांडगा एका चौकोनाचा, त्यामुळे शेजारचा गडी बरोबर पाच फुटांवर येतो आणि स्नीक अटॅक लागतो. ट्रोल लार्ज (मोठ्या) आकाराचा, दोन बाय दोन चौकोनांचा. त्याला खेटून उभ्या असलेल्या माणसाच्या मध्यापासून त्याच्या मध्यापर्यंत किमान साडेसात फूट होतात. म्हणजे मोठ्या शत्रूसमोर ही अट कधीच पूर्ण होऊ शकत नाही. तुमच्या माहितीच्या व्हिडिओत लांडगेच दाखवले आहेत, तिथे सगळे बरोबर दिसते. मोजायचे असते ते ट्रोलच्या सर्वांत जवळच्या चौकोनापासून.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. फाशाबरोबर चालणाऱ्या इफेक्टची अट तुम्ही दर वेळी तपासता, ते योग्यच. टर्नच्या सुरुवातीला चालणाऱ्या इफेक्टची अट मात्र इफेक्ट टोकनला लावताना एकदाच तपासली जाते आणि तेच उत्तर लढाई संपेपर्यंत धरून ठेवले जाते. लढाईच्या आरंभी ट्रोलला आग लागलेली नव्हती, म्हणून तो कायमचा ‘न जळालेला’. उलटही करून पाहिले. आधी ट्रोलला आग लावली आणि मग इफेक्ट जोडला, तर पुढचे सहा टर्न आग न लागूनही त्याला एकही हिट पॉइंट परत मिळाला नाही.

किरकोळ दोन गोष्टीही नोंदवते. स्नीक अटॅक टर्नमध्ये एकदा असताना तुम्ही तो राउंडमध्ये एकदा धरता, त्यामुळे दुसऱ्याच्या टर्नमध्ये मिळालेल्या ऑपॉर्च्युनिटी अटॅकला (शत्रू जवळून निसटताना मिळणाऱ्या जादा वाराला) तो लागत नाही. आणि क्लेरिकचे कॉन्सन्ट्रेशन (मंत्र चालू ठेवणारी एकाग्रता) तुटल्यावर तिची खूण जाते, पण ब्लेस या तिच्या मंत्राचा चार बाजूंचा जादा फासा बाकीच्यांकडे तसाच राहतो.

हे सगळे मी तुमच्या मदत कक्षाला कळवले. ‘अपेक्षेप्रमाणे चालत आहे, वेगळे हवे असल्यास मॅक्रो लिहा’ असे दोन ओळींचे उत्तर आले. मला मॅक्रो (सॉफ्टवेअरला आपण लिहून द्यायच्या छोट्या आज्ञावली) लिहिता येतात. पहिली दोन वर्षे मी तेच करत होते. ते करावे लागू नये, यासाठीच तर ही योजना विकत घेतली.

माझ्या मागण्या सरळ आहेत. वरच्या दोन मुख्य चुका कधी दुरुस्त होणार, ती तारीख लेखी कळवा. इफेक्ट लागला किंवा लागला नाही, तर त्याचे कारण चॅटमध्ये दिसू द्या: ‘अंतर साडेसात फूट, अट पाच फूट’ एवढी एक ओळ त्या रात्री दिसली असती, तर मी पहिल्याच घावाला थांबले असते. डीएमने हाताने बसवलेला आकडा सॉफ्टवेअरने विचारल्याशिवाय बदलू नये. दुरुस्ती होईपर्यंत ‘काही लक्षात ठेवावे लागणार नाही’ हे वाक्य जाहिरातीतून काढा. आणि दुरुस्ती करणार नसाल, तर उरलेल्या सात महिन्यांची वर्गणी परत करा.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे ही तक्रार निवारण अधिकाऱ्याची जबाबदारी आहे. तसे झाले नाही, तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन.

तपासणीचा नकाशा, चॅटची नोंद आणि पैसे भरल्याची पावती सोबत जोडली आहे. तुमच्या तंत्रज्ञांना तो नकाशा माझ्यासमोर चालवून पाहायचा असेल, तर शनिवार सोडून कोणत्याही संध्याकाळी मी वेळ देईन.

आपली,
एक वर्गणीदार ग्राहक, पुणे