दिवसापण मच्छरदाणी लाव

चि. ओंकार,

काल फोनवर सहज बोलून गेलास की रूम पार्टनरला डेंग्यू निघाला, आणि वर "मला काय होतंय, मला एकदा होऊन गेलाय", त्यावरूनच माझ्या डोळ्याला डोळा नाही. अरे बाबा, डेंग्यूच्या व्हायरसचे चार प्रकार असतात, एकदा झाला की त्या एकाच प्रकाराची प्रतिकारशक्ती राहते, दुसऱ्या प्रकाराचा झाला तर उलट जास्त जड जाऊ शकतो.

म्हणून आधी त्या पोराला मच्छरदाणीत झोपव, दिवसापण. हसू नकोस, हा पांढऱ्या पट्ट्यांचा डास दिवसाच चावतो, सकाळी आणि अंधार पडायच्या आधी जास्त. आत्ता त्याला चावला की आठ-दहा दिवसांनी तोच तुला द्यायला मोकळा. रात्री कॉइल लावून काय उपयोग सांग!

आणि डास नाल्यातून येतात हे डोक्यातून काढ. हा साठलेल्या स्वच्छ पाण्यात होतो आणि फार लांब उडतपण नाही, म्हणजे तुमच्याच बिल्डिंगमधला. मागे आम्ही आलो तेव्हा फ्रिजमागचा ट्रे ओढला तर अळ्या वळवळत होत्या, टॉर्च मारला तशा सगळ्या तळाला पळाल्या, आठवतंय ना? तुझे बाबा आपले "राहू दे गं" म्हणत होते. तो ट्रे, मनी प्लांटची बाटली, कूलर, बाल्कनीतल्या बादल्या दर रविवारी ओत आणि आतून घासून काढ, नुसतं ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात.

त्याला डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच पॅरासिटामॉल, ब्रुफेन-ॲस्पिरिन अजिबात नको, रक्तस्रावाची भीती असते. पपईच्या पानांचा रस मामीने सांगितला असेलच, त्यापेक्षा पाणी, ओआरएस पाजा आणि लघवी नीट होतेय ना ते बघा. ताप उतरला म्हणून सोडून देऊ नका. तुझा उतरला तेव्हा पाचव्या दिवशी वडापाव खाऊन आलास आणि संध्याकाळी पोट धरून बसलास, उलट्या थांबेनात, रिक्षात तुला मांडीवर घेऊन गेले ते मी विसरले नाहीये. पोटात जोरात दुखलं, उलट्या सुरू झाल्या, हिरड्यातून रक्त आलं तर मला फोन नंतर, आधी हॉस्पिटल.

निळी मच्छरदाणी एसटीच्या पार्सलने पाठवतेय, सोबत तुझ्यासाठी पूर्ण बाह्यांचे दोन शर्ट. त्याच्या आईचा नंबर पाठव, ती माऊली घाबरली असेल.

आई