चित्रांच्या पाठीकडे बघायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

साष्टांग नमस्कार.

जानेवारीतल्या प्रदर्शनाची एक्केचाळीस कामं भिंतीवर जायला तयार आहेत. आम्ही सातजण, माध्यमं पाच: कागदावरचे जलरंग, तैलरंग, ॲक्रिलिक, एचिंग (धातूच्या कोरलेल्या प्लेटवरून कागदावर घेतलेले छाप), आणि वाळकी पानं, मुळं, साली बसवून केलेल्या रचना. या प्रत्येक कामाच्या मागच्या बाजूला तुमचा हात लागलाय. उद्घाटनाला येणारे लोक पुढची बाजू बघतील आणि तेच बरोबर आहे. पण मागच्या बाजूबद्दल कुणीतरी चारचौघांत सांगायला हवं, म्हणून हे पत्र उघड लिहितोय. इंदुरात आमच्यासारखे छोटे गट वर्गणी काढून प्रदर्शनं भरवतात आणि बहुतेकांचं अडतं ते याच ठिकाणी.

तुम्ही पहिल्या दिवशी सतरंजी अंथरून सगळी चित्रं पालथी घालायला लावलीत. पालथं चित्र खरं बोलतं. वरच्या पट्टीच्या मधोमध एकच कडी असली की चित्र डुलतं, जरा धक्का लागला की तिरकं होतं, आणि काच जड असेल तर सगळा भार त्या एका स्क्रूवर येऊन पट्टीच वाकते. तुम्ही त्या कड्या काढायला लावल्यात आणि दोन्ही उभ्या पट्ट्यांवर डी-रिंगा, म्हणजे इंग्रजी डीच्या आकाराच्या कड्या, बसवल्यात, वरून एक तृतीयांश उंचीवर. म्हणजे तीस इंच उंच फ्रेमला वरून दहा इंचांवर. स्क्रूआधी बारीक ड्रिलने भोक, कारण सरळ पिळलेला स्क्रू वाळलेली पट्टी उभी चिरतो. पाऊण इंच जाडीच्या पट्टीला अर्ध्या इंचाचा स्क्रू, त्याहून लांब नाही.

तारेचं गणित तर प्रत्येक चित्रकाराने वहीत लिहून ठेवावं असं आहे. आपल्याला वाटतं, तार जितकी ताठ तितकी मजबूत. उलट आहे. भिंतीतल्या आकड्यावर टांगल्यावर तार आडव्या रेषेशी तीस अंशांचा कोन करत असेल, तर तिच्या प्रत्येक बाजूवर चित्राच्या पूर्ण वजनाइतका ताण येतो. तोच कोन दहा अंशांवर आणला की ताण जवळजवळ तिप्पट. ताठ तार म्हणूनच तुटते, नाहीतर उभ्या पट्ट्या आत ओढून कोपरे उघडते. तुम्ही ठरवून दिलेलं माप असं: तार मध्यावर वर ओढली की तिचा शेंडा फ्रेमच्या वरच्या कडेपासून दोन-तीन इंच खाली राहायला हवा. तार रिंगेतून दोनदा फिरवायची, मग स्वतःवर पाच-सहा घट्ट वेढे. फ्रेम आडवी आणि रुंद असेल तर कोन आपोआप पसरट होतो, तिथे तारेचा हट्ट सोडून दोन रिंगा दोन आकड्यांवर थेट अडकवायच्या. आणि तंगूस, म्हणजे नायलॉनची पारदर्शक दोरी, वापरायची नाही. दिसत नाही म्हणून सगळे तीच आणतात, पण नायलॉन भाराखाली हळूहळू लांबत जातो आणि त्या गुळगुळीत दोरीची गाठ सरकते. सोमवारी एका रेषेत लावलेली चित्रं शुक्रवारी वरखाली दिसायला लागतात ती यामुळे.

खालच्या दोन कोपऱ्यांत तुम्ही बुचाचे तुकडे चिकटवलेत, पाव इंच जाडीचे. भिंत आणि चित्र यांच्यामध्ये तेवढी हवा खेळती राहते, भिंतीची ओल मागच्या बोर्डात उतरत नाही आणि चित्र सरकतही नाही. एवढासा तुकडा, पण आता दुसऱ्यांच्या प्रदर्शनात गेलो तरी आमचं लक्ष आधी तिकडे जातं.

सगळ्यात जास्त वेळ तुम्ही जलरंगांना दिलात आणि ते योग्यच होतं, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. कागद चारी बाजूंनी डिंकाने किंवा टेपने चिकटवला की संपलं. कागद हवेतला दमटपणा पितो, पसरतो, आणि पसरायला जागा मिळाली नाही की त्याला लाटा येतात. मग काचेतून त्या लाटांवर उजेड चमकतो आणि चित्र दिसत नाही. तुमची पद्धत अशी: कागद फक्त वरच्या कडेला, दोन बिजागऱ्यांवर टांगायचा. बिजागरी म्हणजे पातळ जपानी कागदाची पट्टी, चित्राच्या कागदापेक्षा मुद्दाम नाजूक. फ्रेम कधी पडलीच तर पट्टी फाटावी, चित्र फाटू नये. सेलो टेप कुठेच नाही. त्याचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात झिरपतो आणि तो डाग निघत नाही.

या पट्ट्यांना लागणारी खळ तुम्ही आमच्याच स्वयंपाकघरातून काढून दाखवलीत. कुरडयांसाठी गहू भिजवून जो चीक काढतात तोच इथे हवा, म्हणजे गव्हाचं सत्त्व. मैदा चालत नाही, कारण त्यातला चिकट भाग पुढे तपकिरी होतो आणि किड्यांना बोलावतो. चीक दोन-तीन दिवस पाणी बदलत, आंबूस वास पूर्ण जाईपर्यंत निवळायचा. मग खाली बसलेलं घट्ट सत्त्व एक वाटी आणि पाणी चार वाट्या, मंद आचेवर न थांबता ढवळत वीस-पंचवीस मिनिटं. पांढरटपणा जाऊन खळ काचेसारखी दिसायला लागली की उतरवायची आणि गार झाल्यावर बारीक चाळणीतून घासून काढायची. जुने बुकबाइंडर टिकावी म्हणून त्यात मोरचूद घालत. तुम्ही ते ठामपणे नाही म्हणालात: मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, आणि तांबं कागद कमजोर करतं. त्यापेक्षा थोडी करावी, फ्रिजमध्ये ठेवावी, चार दिवसांत उरली तर टाकून द्यावी.

माउंटचं, म्हणजे चित्राभोवती बसणाऱ्या खिडकी कापलेल्या बोर्डाचं, पण असंच. साध्या बोर्डातलं आम्ल खिडकीच्या कडेने चित्रावर तपकिरी रेघ उमटवतं, म्हणून आम्लमुक्त बोर्ड. काच आणि कागद यांच्यात माउंटच्या जाडीइतकं अंतर ठेवायचंच, नाहीतर काचेच्या आत धरलेली वाफ थेट रंगाला लागते आणि बुरशी येते. बावीस बाय तीस इंचाच्या पूर्ण कागदाला माउंटची पट्टी तीन बाजूंना तीन इंच आणि खाली साडेतीन इंच. खालची बाजू जास्त ठेवली नाही तर चित्र खाली घसरल्यासारखं दिसतं. एचिंगची खिडकी प्लेटच्या खुणेबाहेर अर्धा इंच, आणि खाली पेन्सिलने लिहिलेला आवृत्तीचा आकडा व सही दिसेल इतकी मोकळी. आणि हो, सकाळी पोहे-जिलबी झाल्यावर हात साबणाने धुऊन, कोरडे करूनच माउंटला हात लावायचा. पांढऱ्या बोर्डावर तेलाचा ठसा आठवड्याने दिसायला लागतो.

काच की ॲक्रिलिक, हा वाद तुम्ही वजन मांडून मिटवलात. दोन मिलिमीटर काच म्हणजे चौरस मीटरला पाच किलो. अठ्ठावीस बाय छत्तीस इंचाच्या फ्रेमला नुसती काच सव्वातीन किलो, तेवढीच ॲक्रिलिक शीट दीड किलो. मोठ्या फ्रेमना म्हणून ॲक्रिलिक. पण ती कोळशाच्या किंवा सॉफ्ट पेस्टलच्या कामावर नाही, कारण तिच्यावर स्थिर वीज येते आणि रंगाची भुकटी वर ओढली जाते. पुसायला मऊ कापड आणि पाणी. काच पुसायचा अमोनियावाला फवारा मारला तर शीटला बारीक भेगा पडतात.

लाकडाबद्दल तुम्ही एकच नियम घातलात: श्रावण-भाद्रपदात कापलेली पट्टी थंडीपर्यंत जोडायची नाही. माळव्यातल्या पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि जानेवारीच्या कोरड्या हवेत आकसतं, तेही रुंदीत, लांबीत जवळपास नाही. त्यामुळे ओल्या दिवसांत अचूक बसवलेला कोपऱ्याचा पंचेचाळीस अंशांचा काप पुढे आतल्या बाजूने फट दाखवतो. बाहेरच्या बाजूने फट दिसली तर समजायचं, कोरडं लाकूड नंतर फुगलं. फट बघून ऋतू ओळखता येतो हे आम्हाला तोपर्यंत माहीत नव्हतं. कॅनव्हासच्या चौकटींना काटकोन बघायचा गुण्या लावून थांबायचं नाही, दोन्ही कर्ण मोजायचे. चोवीस बाय छत्तीसच्या चौकटीचे दोन्ही कर्ण सव्वात्रेचाळीस इंच भरले की चौकट खरी. तीन फुटांपुढे मध्ये आडवी पट्टी. सैल कॅनव्हासला मागून पाणी मारून ताणायचा उपाय तुम्ही बंद केलात. आतल्या कोपऱ्यांतल्या पाचरा हलक्या हातोडीने, एका वेळी प्रत्येकीला एकेक ठोका, चारी कोपरे फिरत फिरत. एकच कोपरा ठोकत बसलं तर कॅनव्हासला तिरकी सुरकुती पडते.

चित्रकार चिंचाळकर गुरुजींच्या या गावात वाळक्या पानांतून, मुळांतून चित्र बघायची सवय अनेकांना आहे. पण तशा कामाला फ्रेम बांधायची म्हणजे आधी कीड मारावी लागते, ती काळजी मात्र थोडेच घेतात. तुमच्या सांगण्यावरून सगळा माल जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवला. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही, नाहीतर गार पानांवर हवेतलं पाणी धरतं आणि किडीऐवजी बुरशी येते. मग दोन इंच खोल पेटीची फ्रेम, मागून सगळ्या फटी टेपने बंद.

मांडणीच्या दिवसाचं गणित आता आम्हाला झोपेतही येईल. प्रत्येक कामाचा मध्य जमिनीपासून अठ्ठावन्न इंचांवर. आकड्याची उंची काढायला अठ्ठावन्नमध्ये फ्रेमची निम्मी उंची मिळवायची आणि तार वर ओढल्यावर तिचा शेंडा कडेपासून जितका खाली येतो तेवढं वजा करायचं. तीस इंची फ्रेम, तार तीन इंच खाली: अठ्ठावन्न अधिक पंधरा वजा तीन, सत्तर इंच. मोठी भिंत बत्तीस फुटांची, म्हणजे तीनशे चौऱ्याऐंशी इंच. तिच्यावरच्या सात कामांची एकूण रुंदी एकशे शहाण्णव. उरले एकशे अठ्ठ्याऐंशी, जागा आठ (दोन्ही टोकं धरून), प्रत्येकी साडेतेवीस. हे सगळं कागदावर एका फुटाला एक इंच या मापाने आधी चिकटवून बघितलं आणि दोन चित्रांच्या जागा तिथेच बदलल्या. भिंतीवर गेल्यावर बदलायच्या म्हणजे प्रत्येकी दोन भोकं.

इतक्या लांब भिंतीवर छोटी लेव्हल (आडवी पातळी बघायची पट्टी) फसवते, हेही तुमचंच. बारा इंचाच्या लेव्हलवर न दिसणारा फरक बत्तीस फुटांवर बोटभर होतो. गवंड्याची पाण्याची नळी घ्यायची, दोन्ही टोकांचं पाणी थांबलं की खुणा करायच्या. नळीत हवेचा एकही बुडबुडा नको, नाहीतर दोन टोकं खोटं बोलतात. खुणा कागदी चिकटपट्टीवर, भिंतीवर नाही.

दिवे चित्राकडे उभ्या रेषेपासून तीस अंशांत. छतावरचा दिवा दहा फुटांवर असेल तर भिंतीपासून साधारण तीन फूट. त्याहून जवळ आणला की फ्रेमची सावली चित्रावर लांब पडते, लांब नेला की बघणाऱ्याचीच सावली पडते आणि काच चमकते.

नेण्याचं काम उरलंय. तैलरंग आणि ॲक्रिलिक यांवर आधी बटर पेपर, मग बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. आत ठेवले तर ॲक्रिलिकवर गोल ठसे उमटतात, उन्हात टेम्पो उभा राहिला तर हमखास. चित्रं उभी, तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ, म्हणजे एकाची डी-रिंग दुसऱ्याच्या कॅनव्हासात घुसत नाही. लेबलांवर उंची आधी, रुंदी नंतर, हेही तपासून झालंय. सगळ्यांचे फोटो काच बसवायच्या आधीच काढले, ही सूचना वेळेवर दिलीत म्हणून कॅटलॉग नीट झाला.

१९२७ साली देवळालीकर मास्तरांनी इथे कलाशाळा सुरू केली. बेंद्रे, हुसेन, डी. जे. जोशी ही नावं इथली म्हणून आम्ही अभिमानाने घेतो. त्या चित्रांच्याही चौकटी कुणीतरी बांधल्याच असतील, तारा कुणीतरी ओवल्याच असतील. कॅटलॉगच्या शेवटच्या पानावर ‘फ्रेम आणि मांडणी’ म्हणून तुमचं नाव आमच्या नावांच्याच आकाराच्या टाइपात छापलंय. या पत्रात ते नको असं तुम्ही म्हणालात, म्हणून इथे लिहिलेलं नाही.

तुमचा मोठा गुण्या आणि नळी मांडणी संपली की त्याच संध्याकाळी घरी आणून देतो. नळीतलं पाणी काढून, दोन्ही टोकं मोकळी ठेवून, सावलीत वाळवून.

तुमचे,
प्रदर्शनातले सातजण
इंदूर