आक्का, सावडीत घेतलंत त्याबद्दल

ती. आक्का यांस,
साष्टांग नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा टाकते" म्हणून उठून जाता. म्हणून लिहितेय. तुमचा नातू मोबाइलवर वाचून दाखवेलच. चारचौघांत लिहायचं कारण मात्र वेगळं आहे. आम्ही पुणे जिल्ह्यातल्या पवन मावळात राहायला आल्यापासून चिंचवडच्या ओळखीतले निम्मे लोक फोन करून विचारतात: आमचाही वडिलोपार्जित तुकडा पडून आहे, काही करावं का? गाय घ्यावी का? बोअर मारावी का? मी जी उत्तरं देते ती सगळी तुमची, बांधापलीकडच्या शेजारणीची, असतात आणि माझ्या नावावर खपतात. ते बरं दिसत नाही.

आमची जमीन ती काय, बावीस गुंठे. त्यातली अर्धी भाताची खाचरं, बाकीचा वरकस माळ आणि घरामागचं परडं. सासऱ्यांच्या वाटणीची. त्यांनी नोकरीपायी ती जन्मभर दुसऱ्याला कसायला दिली. सातबाऱ्यावर नाव होतं म्हणून आमचं निभावलं. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजासहजी विकत घेता येत नाही, हे फोन करणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना माझ्याकडूनच पहिल्यांदा कळतं. यांचं ऑफिसचं बरंचसं काम घरून चालतं, मी दुकानदारांचे जीएसटीचे हिशेब बघते ते कुठूनही बघता येतात, मुलांना जिल्हा परिषदेच्या शाळेत घातलं, आणि "वर्षभर राहून तर बघू" एवढंच ठरवून आलो. हौस म्हणा. तुम्ही हौसच म्हणालात, आणि वर, "हौसंला मोल न्हाई म्हंत्यात, पर जमिनीला हाय, तेवढं ध्यानात ठेव."

तुमची पहिली मदत म्हणजे नुसते नकार होते. यांच्या मनात तिन्ही खाचरांचं मिळून एक सपाट रान करायचं होतं. जेसीबीवाल्याला सांगूनही झालं होतं. तुम्ही कुदळ मागितलीत आणि खाचराच्या मधोमध वीतभर खणून दाखवलंत. वर मऊ, काळपट माती, आणि तिच्याखाली कुदळीला दाद न देणारा कठीण थर. पिढ्यानपिढ्यांच्या चिखलणीनं, बैलांच्या पायांनी तो दाबत आलाय. आवणीनंतर, म्हणजे भाताच्या लावणीनंतर, खाचरात पाणी ठरतं ते त्याच्या जिवावर. "मशिनीचा दात एकदा ह्यात गेला, की पाणी खाली पळतंय. मग बस बांध धरून." वरची सुपीक माती बांधाच्या भरावात जाणार, खालची मुरमाड वर येणार, हे वेगळंच. जेसीबी परत गेला. आता पवना धरणाच्या अंगाला फिरताना सपाट केलेले, तारेचं कुंपण घातलेले प्लॉट दिसतात, तेव्हा माझी नजर हिरवळीवर जात नाही. वरच्या खाचरातून खाली येणारं पाणी कुठे अडवलंय ते बघते. ही नजर तुमची.

बोअरचा विषय तुम्ही दोन वाक्यांत संपवलात. हा काळा पाषाण, भेग लागली तर पाणी, नाही तर धुरळा. आधी आहे ती विहीर उपसा. उपसली. गाळ काढला तो माळावर पसरला. घराला आणि भाजीच्या वाफ्यांना वैशाखापर्यंत पाणी पुरलं.

गाईसाठी मात्र मी हट्टाला पेटले होते. मुलांना घरचं दूध, अंगणात वासरू वगैरे. तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "पोरी, गाय म्हंजी लगीन हाय. एकदा केलं की रोज सकाळ-सांज. तुझ्या हिशेबाची तारीख असली तरी तिला सड धुवायला तूच लागती." उन्हाळ्यात ओला चारा कुठून आणणार, हेही विचारलंत. माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन दिवसांनी तुम्ही तुमच्याकडची एक पाट, म्हणजे तरणी शेळी, आणून आमच्या गोठ्यात बांधलीत, अर्धलीनं. सांभाळायची आम्ही, होतील त्या करडांत निम्मी तुमची, निम्मी आमची. पैशाचा व्यवहार नाही, उपकार नाहीत, आणि शिकायला एक जनावर घरात आलं. धाकट्यानं तिची जबाबदारी घेतली. शाळेतून आला की दप्तर टाकायच्या आधी तिच्यासाठी शेवरीचा पाला तोडून आणतो. चिंचवडला ह्याच मुलाला पाण्याची बाटली भरून घे म्हणून तीनदा सांगावं लागायचं.

पण खरे आभार आवणीचे आहेत.

मृगात पेरलेलं रोप आर्द्रा सरता सरता लावणीला आलं. मी हातात मोबाइल घेऊन तुमच्याकडे आले. मजूर किती लागतील, रोज काय पडेल, जेवण द्यायचं की नाही, सगळं लिहून घ्यायच्या तयारीत. तुम्ही तांदूळ निवडत होतात. वरही बघितलं नाहीत. "मजूर कशापायी? आमच्या सावडीत येतीस का?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सावडीत पाच-सहा घरं एकत्र येतात. आज सगळ्या जणी माझ्या खाचरात, उद्या तुमच्या, परवा तिसरीच्या. रोख मजुरी नाही. ज्यांनी माझ्याकडे एक दिवस वाकून काम केलं, त्यांच्याकडे मी एक दिवस वाकायचं. वही नसते, पण कोणाचा दिवस कोणाकडे बाकी आहे हे प्रत्येकीला पाठ असतं. मी हिशेबातली बाई, हा ताळेबंद कागदाशिवाय जुळतो हे बघून गार झाले.

आमच्या खाचरांची आवण एका दिवसात उरकली. त्या एका दिवसाची फेड करायला मला तुमच्यासकट सगळ्यांच्या रानात उतरावं लागलं. पुनर्वसूचा तरणा पाऊस, डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ, गुडघाभर चिखल. मी मागे पडायचे. शेजारची न बोलता माझ्या वाट्याच्या दोन ओळी लावून टाकायची. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या तेव्हा तुम्ही रात्री कोमट पाण्यानं पाय धुवून, पूर्ण कोरडे करून खोबरेल लावायला सांगितलंत. आणि "उद्या नको येऊस" असं एकदाही म्हणाला नाहीत. तेव्हा मनातल्या मनात तुमचा राग आला होता. आता वाटतं, त्या दिवशी मला सुट्टी दिली असतीत तर मी गावात पाहुणीच राहिले असते. मजुरी मोजून मोकळी झाले असते तर नावंही कळली नसती. आता कुणाच्या सुनेचे दिवस भरत आलेत, कुणाच्या म्हशीचं पोट फुगलंय, कुणाच्या पोराची भरती हुकली, सगळं कळतं. माझ्या घरचं त्यांना त्याहून जास्त कळतं, तेही चालवून घेते.

एक गंमत लिहायलाच हवी. शहरातून येताना मी जुन्या ज्ञानापुढे हात जोडायच्या तयारीत आले होते. राब भाजणं, म्हणजे रोप टाकायच्या जागेवर शेण-पाला जाळणं, हे आपल्या पूर्वजांचं शास्त्र, असं कुठेतरी वाचलेलं. तर तुम्ही राब भाजणं कधीच सोडून दिलेलं! शेण आणि पालापाचोळा जाळून टाकायचा, मग खत विकत आणायचं, हे तुम्हाला पटेना. रोपाच्या गादीवाफ्यात तुम्ही भाताच्या तुसाची काळी राख मिसळता, चिखलणीच्या वेळी बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला गाडता, आणि आवणीला खुंटीवरची दोरी काढता. तिच्यावर पंधरा आणि पंचवीस सेंटिमीटरच्या आलटून पालटून खुणा. ही चारसूत्री पद्धत तुम्ही कृषी सहायकांकडून शिकलात, आणि आधी एकाच खाचरात करून बघितलीत म्हणे. चार चुडांच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या झुबक्यांच्या) जवळच्या चौकोनात मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी, बोटभर खोल. वरून फेकलेलं खत पावसात वाहून जातं, हे जागेवर राहतं. गोळ्या खोचायचं काम पोरांचं. थोरलीला गणितात चौकोन काढायचा कंटाळा, पण खाचरात तिनं एक चौकोन चुकवला नाही.

आणि कुणी पुण्याहून येऊन "तुमचं पारंपरिक देशी इंद्रायणी" म्हणालं की तुमचा चेहरा बघण्यासारखा असतो. "ती आमच्या वडगावात जल्मली, माझ्या डोळ्यादेखत." खरंच आहे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं आंबेमोहोर 157 आणि आयआर 8 यांच्या संकरातून काढलेला हा वाण 1987 साली आला. तुमच्या लग्नापेक्षा धाकटा. वास आंबेमोहोराचा आणि उतारा त्याच्यापेक्षा बराच जास्त, म्हणून मावळानं तो उचलला. जुनं ते सगळं सोनं नाही आणि नवं ते सगळं विष नाही, हे मी आता वाद घालताना ठणकावून सांगते, कारण पुरावा बांधापलीकडे राहतो.

सासूबाईंबद्दल थोडंच लिहिते, त्यांना चव्हाट्यावर आणलेलं आवडणार नाही. वाटणीच्या वेळी बांधावरून भावकीत तुटलं आणि त्या पुन्हा गावात जेवायला म्हणून थांबल्या नव्हत्या. आम्ही राहायला यायचं ठरवलं तेव्हा सगळ्यात जास्त धास्ती त्यांनाच. तुम्ही एके दुपारी त्यांना आणि समोरच्या घरातल्या थोरल्या जाऊबाईंना, दोघींनाही एकमेकींचा पत्ता लागू न देता, आपल्या ओट्यावर वाल सोलायला बसवलंत. पाटी संपेपर्यंत कुणी उठायचं नाही. काय बोलणं झालं मला माहीत नाही. संध्याकाळी बांधाच्या हद्दीचा जुना दगड तुम्ही झुडपातून काढून दोन्ही घरच्या पुरुषांना दाखवलात, एवढं मी पाहिलं. मोजणीचा अर्ज करायची वेळ आली नाही. त्या वाटणीतले एक-दोन रुसवे अजून आहेत, ते जाणारही नाहीत, पण दिवाळीत फराळाची ताटं इकडून तिकडे गेली.

हस्ताच्या पावसानं लोंब्या भरायच्या ऐन वेळी वरचं खाचर आडवं केलं. तुम्ही सांगितलंत म्हणून बांध फोडून पाणी काढून दिलं, आणि चौकोनातले चार-चार चूड एकत्र बांधून उभे केले. सगळे नाही जमले. जे राहिले त्यांना जागेवरच कोंब आले. कापणीला तुम्ही मुलांना गमबूट घातल्याशिवाय खाचरात पाय ठेवू दिला नाहीत. भारे उचलताना खाली घोणस निघाली तेव्हा तुम्ही सगळ्यांना मागे सारलंत आणि सर्पमित्राला फोन लावलात. काठी कुणाला उचलू दिली नाहीत. विषावरचं इंजेक्शन कोणत्या सरकारी दवाखान्यात मिळतं हे तुम्हाला पाठ होतं. मला नव्हतं. आता आमच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलंय.

झोडणी झाली. भात चार क्विंटलच्या आतबाहेर, गिरणीतून तांदूळ अडीच क्विंटलभर. मी सवयीनं हिशेब मांडला. माझे-यांचे दिवस धरले नाहीत तरीसुद्धा किलोमागे बाजारभावापेक्षा महागच पडला. जे लोक मला विचारतात त्यांना मी हा आकडा आधी सांगते. अडीच क्विंटल तांदळावर संसार चालत नाही, आमचा पगारावर चालतो, आणि तुमचा भातावर चालतो म्हणजे काय ते मला आत्ता कुठे कळायला लागलंय.

तुम्हाला माझ्याकडून काय मिळालं, याचा विचार करते तेव्हा एकच गोष्ट आठवते. ई-पीक पाहणी. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेली ही पिकाची नोंदणी, खाचरात उभं राहून मोबाइलवर फोटो काढून करायची. ती आपल्या सावडीतल्या कुणालाच जमत नव्हती आणि रेंज तर टेकाडावरच मिळते. मी सगळ्यांची करून दिली. तुम्ही सगळ्यांसमोर जाहीर केलंत, "हिचा एक दिवस फिटला." माझ्या पदव्यांचा इतका रोखठोक भाव आजवर कुणी केला नव्हता.

तर आक्का, वर्ष संपलं आणि आम्ही राहतोय. तीन गोष्टी कळवायच्या आहेत. एक, यंदा आवणीला आधी तुमचं खाचर घ्यायचं, आमचं शेवटी. थोरली रोपांची मूठ धरायला शिकलीय, तिचाही अर्धा दिवस धरा. दोन, पाट व्यायली. दोन करडं आहेत, एक बोकड, एक पाट. अर्धलीच्या नियमानं निवड तुमची, पण धाकट्यानं मादीचं नाव ठेवून टाकलंय, तेवढं बघा. तीन, विहिरीच्या गाळावर लावलेला पावटा यंदा फार आला. सासूबाई एक पाटी घेऊन रविवारी तुमच्याकडे येणार आहेत. चहा टाकायला उठू नका, त्या आलं घेऊन येतायत.

तुमची,
बांधाअलीकडची सूनबाई