छोटा कॉम्प्युटर घ्यावा, पण तो उघडता येतो का हे खोक्यावर छापलेलं हवं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी लालबागला राहते आणि घरूनच मराठी टायपिंग, डीटीपीची कामं घेते, लग्नपत्रिका, क्लासच्या प्रश्नपत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं, गणपतीच्या आधीचा महिना-दीड महिना तर रात्री दोन दोन वाजतात. हे सगळं 2015 साली घेतलेल्या एका लॅपटॉपवर चालायचं. त्याची उजवी बिजागरी तुटलेली त्यामुळे स्क्रीन मागे पडू नये म्हणून पोळपाट उभा लावून ठेवायचे, संध्याकाळी पोळ्यांची वेळ झाली की काम आपोआप बंद. मग बॅटरी फुगली, टचपॅड वर उचलला गेला, तेव्हा मात्र भीती वाटली. त्यात 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि विंडोज 11 ला इंटेलची किमान आठव्या पिढीची चिप लागते, माझी पाचवी, म्हणजे नवीन घेणं आलंच.

पण तो लॅपटॉप दहा वर्षं टिकला कशामुळे ते मला सांगायचंय. 2019 ला तो इतका स्लो झाला होता की टाकूनच देणार होते, तेव्हा लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारातल्या एका मेकॅनिकने माझ्यासमोर मागचं झाकण उघडलं, 4 जीबीची रॅम (काम चालू असताना लागणारी मेमरी) 8 केली, हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे फाइली साठवायची जास्त वेगवान चकतीविना डिस्क, टाकली, अर्धा तास लागला असेल. तेवढ्यावर पुढची सहा वर्षं घर चाललं.

यावेळी लॅपटॉप नकोच, छोटा डेस्कटॉप घ्यायचा असं ठरवून परत तिकडेच गेले. हे नवे डबे खरंच फार देखणे असतात. ॲपलचा 2024 चा मॅक मिनी तर जेमतेम 12.7 सेंटिमीटरचा चौकोन, उंची 5 सेंटिमीटर, पण त्यात मेमरी चिपसोबतच येते, घेताना जेवढी घ्याल तेवढीच, पुढे वाढवता येत नाही. दुकानात आणखी एक चंदेरी मिनी पीसी खूप आवडला होता, पैसे काढणारच होते, सहज विचारलं की उद्या रॅम वाढवायची झाली तर? "नाही होत ताई, बोर्डावरच सोल्डर केलीय." खोकं उलटसुलट करून पाहिलं, यातलं एक अक्षर कुठे छापलेलं नव्हतं. मी विचारलं नसतं तर?

शेवटी साधा काळा मिनी पीसी घेतला, खाली चार स्क्रू, आत रॅमचे दोन स्लॉट. सध्या रॅमचे भाव चढलेत म्हणून एकच स्लॉट भरलाय, दुसरा जमेल तेव्हा भरेन. मॉनिटरच्या पाठीला असतात त्या चार भोकांत पट्टी लावून डबा मागेच अडकवला, टेबल मोकळं झालं, आता तिथे मुलीची वह्या-पुस्तकंही मावतात, एवढ्याशा खोलीत ही फार मोठी सोय आहे. फक्त याला बॅटरी नसते, लाइट गेली की न सेव्ह केलेलं काम गेलं, तेव्हा छोटा यूपीएस सोबतच घ्या, हे दुकानात कोणी आपणहून सांगत नाही. (आणि फुगलेली बॅटरी सुक्या कचऱ्यात टाकू नका, पेट घेऊ शकते, ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावरच द्या.)

फ्रान्समध्ये जानेवारी 2021 पासून विक्रीच्या लॅपटॉपसोबत दुरुस्तीचे गुण दाखवावे लागतात, दुरुस्त करायला किती सोपा त्याचे दहापैकी किती ते. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने मे 2025 मध्ये असेच गुण द्यावेत असा अहवाल दिलाय, पण सुरुवात स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून करायची असं त्यात आहे. माझी कळकळीची विनंती आहे की लॅपटॉप आणि हे छोटे कॉम्प्युटर पहिल्याच यादीत घ्या. ज्याचं पोट त्या मशिनवर आहे तो काही दर दोन-तीन वर्षांनी नवीन घेऊ शकत नाही. रॅम बदलता येते का, एसएसडी बदलता येते का, बॅटरी स्क्रूने बसवलीय की गोंदाने चिकटवलीय, एवढंच खोक्यावर मराठीत लिहा, आणि तुमच्या पेपरात दिवाळी सेलच्या पानभर जाहिराती येतात त्यातही किमतीच्या शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरात येऊ द्या.

– एक वाचक, लालबाग, मुंबई