दीडशे तासांत तडकलेल्या पंप हेडबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: ७०० बार क्षमतेच्या तीन प्लंजरच्या पंपाचे हेड तडकणे व वॉरंटी नाकारणे

महोदय,

तुमच्या सर्व्हिस विभागाचे उत्तर मिळाले. ‘ग्राहकाने पंप मर्यादेपेक्षा जास्त दाबाने चालवला, सबब वॉरंटी लागू नाही’, एवढ्या एका ओळीत प्रकरण मिटवलेले दिसते. तडकलेले हेड, म्हणजे पंपाचे प्लंजर (पुढे-मागे सरकणारे दांडे) ज्यात पाणी दाबतात तो धातूचा ठोकळा, अजून माझ्याच शेडमध्ये पडून आहे. ते न पाहताच दाब जास्त होता हे कुणाला आणि कशावरून कळले?

आम्ही सांगली-कोल्हापूर भागातल्या साखर कारखान्यांत इव्हॅपोरेटरच्या (उसाचा रस आटवायच्या पात्रांच्या) ट्यूबांमधला स्केल, म्हणजे घट्ट बसलेला थर, हायड्रोजेटने (प्रचंड दाबाच्या पाण्याच्या झोताने) काढण्याचे काम करतो. गळीत हंगामात क्लीनिंगला मोजके तास मिळतात. गव्हाणीत ऊस थांबलेला असतो आणि चीफ इंजिनिअर दर अर्ध्या तासाने ‘किती बॉडी (इव्हॅपोरेटरची पात्रे) झाल्या’ विचारत असतात. अशाच एका क्लीनिंगमध्ये तुमच्या पंपाच्या मधल्या प्लंजरवर, हेडच्या अंगातून पाण्याचा बारीक फवारा निघू लागला. ऑपरेटरने ताबडतोब पंप बंद केला म्हणून बरे. या दाबाचे पाणी कातडी फोडून आत शिरते. जखम वरून टाचणीएवढी दिसते आणि बोट गमवायची वेळ येते. उसनवारीवर दुसरा पंप आणून आम्ही काम पुरे केले. त्याचा खर्च मी या पत्रात मागत नाही, तो हिशेब वेगळा पाठवेन.

हेड शिरोलीच्या एका वर्कशॉपमध्ये नेऊन आधी डीपी टेस्ट (फटीत लाल रंग शिरवून ती दिसायला लावणारी तपासणी) केली. लाल रेघ उमटली ती प्लंजरचा आडवा बोअर (आरपार पाडलेले भोक) आणि व्हॉल्व्हचा उभा बोअर जिथे एकमेकांना छेदतात, नेमक्या त्या कोपऱ्यातून. मग तिथेच हेड कापून फट उघडली. सोबत फोटो जोडले आहेत, कृपया पडद्यावर मोठे करून पाहा. तडकलेल्या पृष्ठभागाचा बराच भाग गुळगुळीत आहे आणि त्यावर झाडाच्या खोडातल्या वलयांसारख्या कमानी एकामागे एक उमटल्या आहेत. त्या सगळ्या कमानींचे मूळ कोपऱ्यातल्या एकाच ठिपक्याशी येते. तिथे ड्रिलची कड जशीच्या तशी धारदार आहे, नख फिरवले तर अडकते. बर (ड्रिलनंतर कडेला राहिलेला धातूचा कंगोरा) काढलेला नाही आणि रेडियसचा, म्हणजे कोपऱ्याला द्यायच्या गोलाईचा, तर पत्ताच नाही.

जास्त दाबाने एका झटक्यात फुटलेल्या धातूवर अशा कमानी नसतात. त्या हळूहळू वाढत गेलेल्या फटीच्या, म्हणजे फटीगच्या (पुन्हापुन्हा भार येऊन धातू थकण्याच्या) खुणा आहेत. शिवाय दाब खरोखरच मर्यादेबाहेर गेला असता, तर तुम्हीच बसवून दिलेली रप्चर डिस्क (दाब वाढला की मुद्दाम आधी फुटणारी सुरक्षा-चकती) आधी फुटली असती. ती शाबूत आहे, तुमच्या सीलसकट. सक्शनला पाणी कमी पडल्याचा मुद्दा तुमच्या इंजिनिअरने फोनवर काढला होता. तसे असते तर व्हॉल्व्ह सीटवर कॅव्हिटेशनचे (पाण्यातले बुडबुडे फुटून पडणारे) खड्डे पडले असते. सीट स्वच्छ आहेत आणि आमच्याकडे सक्शनला पाणी ढकलणारा बूस्टर पंप पहिल्या दिवसापासून आहे.

आता थोडा हिशेब. पंप ५०० आरपीएमने फिरतो. म्हणजे प्रत्येक प्लंजरसमोरची जागा मिनिटाला ५०० वेळा जवळजवळ शून्यावरून ७०० बारवर जाते आणि परत येते. तासाला ३० हजार वेळा. अवरमीटरवरचे दीडशे तास धरले तर ४५ लाख वेळा. ७०० बार म्हणजे ७० मेगापास्कल. बोअरच्या व्यासाच्या निम्मी जाडी भिंतीला धरली, तर जाड भिंतीच्या नळीसाठी वापरतात त्या लामेच्या सूत्राने आतल्या पृष्ठभागावरचा ताण ११५ मेगापास्कलच्या पुढे जातो. दोन बोअर छेदतात तिथे तो अडीच ते तीन पट होतो, म्हणजे तीनशेच्या घरात. हे चांगल्या रेडियसचे आणि साफ पृष्ठभागाचे गणित झाले. धारदार कडेवर, त्यातही ड्रिलच्या ओरखड्यावर, काय होत असेल ते तुमच्या डिझाइन विभागाला मी सांगायला नको. रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून व्होलर यांनी १९व्या शतकातच दाखवले की धातू एका वेळी सहज सोसेल असा भार लाखो वेळा आला की तोच धातू तडकतो. नवीन काही नाही यात.

धातूबद्दल माझी तक्रार नाही. स्पेक्ट्रोमध्ये, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या चाचणीत, तुम्ही सांगितलेलाच ग्रेड निघाला. इतका चांगला फोर्ज्ड ब्लॉक घेऊन शेवटच्या दहा मिनिटांच्या हातकामात कंजुषी केली, याचाच जास्त राग येतो.

तुमच्या माहितीपत्रकात ‘ऑटोफ्रेटेज केलेले हेड’ असे ठळक छापले आहे. म्हणजे कामाच्या दाबाच्या कितीतरी वर एकदा दाब देऊन आतला थर कायमचा ताणायचा, जेणेकरून दाब काढल्यावर बाहेरचा धातू त्याला आवळून धरेल आणि फट उघडायला मुळात जागाच राहणार नाही. तत्त्व उत्तम आहे. पण या हेडच्या क्रमांकासमोर तो दाब किती दिला आणि कधी दिला, याची नोंद मला हवी आहे. आणि ते करून झाल्यावर बोअर पुन्हा मोठा केला असेल, तर आवळलेला थर खरडून गेला असणार, हेही तपासावे.

माझ्या पैशाने मागवलेले दुसरे हेड आले आहे. बसवण्याआधी टॉर्च लावून आत पाहिले, तर तोच कोपरा आणि तीच धार. ते मी बसवलेले नाही आणि बसवणारही नाही. ‘जुन्या हेडची फट वेल्डिंग करून बोअर मारून देतो’ हा तुमच्या इंजिनिअरचा प्रस्तावही मला मान्य नाही. वेल्डच्या कडेला नवीन फट सुरू व्हायला वेळ लागत नाही, आणि त्या पंपासमोर माझी माणसे उभी असतात.

माझी मागणी अशी. दुसऱ्या हेडचे पैसे परत करावेत आणि वॉरंटीत नवीन हेड द्यावे, ज्याच्या छेदणाऱ्या कोपऱ्यांना ड्रॉइंगप्रमाणे रेडियस दिलेला, उभ्या-आडव्या बोअरला पॉलिश केलेले आणि डीपी टेस्टचा दाखला सोबत असेल. ड्रॉइंगमध्येच रेडियस नसेल तर तसे लेखी कळवावे. याच बॅचची हेड ज्यांच्याकडे गेली आहेत, त्यांना तातडीने सूचना द्यावी. या भागात तुमचे पंप वापरणारे आमच्यासारखे आणखी कंत्राटदार आहेत आणि त्यांतले काहीजण कोपरा तपासायच्या भानगडीत पडणार नाहीत.

तुमचा माणूस हेड पाहायला येणार असेल तर अवश्य यावा, कापलेले दोन्ही तुकडे जपून ठेवले आहेत. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेले यंत्र २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसते, हे वकिलाला विचारून घेतले आहे.

सोबत: बिलाची प्रत, अवरमीटरचा व रप्चर डिस्कचा फोटो, डीपी टेस्टचे व कापलेल्या भागाचे फोटो, स्पेक्ट्रो रिपोर्ट.

आपला,
हायड्रोजेटिंग कंत्राटदार,
कुपवाड, जि. सांगली